कोकणात साडेतीन एकर जागा सांभाळायला छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा, की पॉवर टिलरच पुरेल?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर लांज्याकडे गावी राहायला येताय, साडेतीन एकर आहे, हापूसची कलमं, थोडी काजू, खाली भाताची दोन खाचरं, घरापर्यंत चढाची वाट, आणि गावातले नातेवाईक सांगतायत की "घ्यायचा तर ४५ एचपीच घ्या, बारका म्हणजे खेळणं." ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. त्या नातेवाईकांना आधी विचारा तुमच्या पाणंदीची, म्हणजे घराकडे-शेताकडे जायच्या अरुंद वाटेची, रुंदी किती. फुटात सांगता आली तरच पुढचं ऐका त्यांचं.

मी तुमच्याच तालुक्यातली. नवरा मुंबईला नोकरीत, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच घरी. बाकी वर्षभर सासूबाई, मी आणि जागा. ट्रॅक्टर मी स्वतः चालवते, त्यामुळे हे कुठून तरी वाचून सांगत नाहीये.

आमच्याकडे वाटण्या व्हायच्या आधी मोठ्या दिरांनी ४५ एचपीचा आणला. त्यावर बोलणं झालं ते शिमग्याला, सगळे घरी होते म्हणून. मी म्हटलं, भावोजी, आपलं भात ते केवढं, सगळी तर कलमं, त्यात फिरेल असा अरुंद काहीतरी बघू, नाशिक-सांगलीकडे द्राक्षवाले वापरतात तसला. तर पडवीत सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, अगं ते खेळणं आहे, पोरं बसवून जत्रेत फिरवायला ठीक. आमचे हे तेव्हा मोबाइल बघत होते. अजूनही मी विचारलं की म्हणतात मी ऐकलंच नाही.

तर कर्ज काढून तो आला. हार, नारळ, सगळ्या भावकीच्या स्टेटसला फोटो. हिशोब असा होता की गावात भाड्याने नांगरणी करून हप्ते फेडायचे. आता आपल्याकडची खाचरं तुम्हाला माहिती आहेत, एकाखाली एक, काही तर पडवीएवढी, त्यात ४५ एचपीवाला वळणार कुठे? ती भाताची कामं गावातले पॉवर टिलरवाले आधीपासून करतात आणि टिलर एका खाचरातून दुसऱ्यात उतरवतात ते दोन माणसं धरून. भाडं काही मिळालं नाही.

पण त्याच्याही आधीची गंमत म्हणजे पाणंद. आमची पाणंद दोन्ही बाजूंनी गडग्याची, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणाची, आणि मध्ये एक काटकोनी वळण. नुसता ट्रॅक्टर कसाबसा आत आला, मागे ट्रॉली लावल्यावर वळेना. मग भावोजींनी कोपऱ्यावरचा गडगा काढला. तो गडगा अर्धा शेजाऱ्यांचा. त्यावरून तहसीलला अर्ज, मग मोजणी, मग बोलणं बंद, ते आजतागायत बंद आहे आणि आमच्या आंब्याच्या पेट्या त्यांच्या अंगणातून जायच्या त्या आता लांबून फिरून जातात. आत गेल्यावर कलमं. जुनी कलमं खाली पसरलेली असतात, फांद्या कमरेपर्यंत येतात, आणि मोठ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा, बॉनेटच्या वर. म्हणून फांद्या तोडल्या. ट्रॅक्टर जावा म्हणून फळ धरणारी फांदी तोडणारा बागायतदार मी तरी पहिल्यांदाच बघितला. आणि चिखलणीच्या वेळी तो खालच्या खाचरात उतरवला तो पोटापर्यंत रुतला, जेसीबी बोलवावा लागला, त्या जेसीबीने बांध फोडला तो वेगळाच.

हे सगळं सांगायचं कारण वजन. ४५ एचपीचा ट्रॅक्टर १८०० ते २००० किलोच्या घरात जातो आणि रुंदीला पावणेसहा-सहा फूट. मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते ९०० किलो, आणि बागेसाठी बनवलेले अरुंद मॉडेल साडेतीन-चार फुटात बसतात. पावसाळ्यात भिजलेल्या मातीवर आणि कलमांच्या मुळांवर दोन टन फिरवायचे की पाऊण टन, एवढाच विचार करा. माती दाबून घट्ट झाली की पाणी मुरत नाही, मग पुढच्या वर्षी मोहर का कमी आला म्हणून औषधवाल्याला शिव्या.

वाटण्या झाल्या, आमच्या वाटणीचा सातबारा माझ्या नावावर आला (कसा आला ती वेगळी गोष्ट), तेव्हा मी माझा घेतला. शोरूमला जाताना सुताराचा लोखंडी टेप घेऊन गेले. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न केला, "मॅडम, साहेब येतायत का मागून?" म्हटलं साहेब बोरिवलीला आहेत, तू टेपचं ते टोक धर. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं, मग रोटाव्हेटर जोडायला लावून परत मोजलं, कारण बऱ्याच वेळा ट्रॅक्टर बसतो आणि मागचं अवजार बाहेर येतं. उलटंही बघायचं, रोटाव्हेटर टायरपेक्षा अरुंद असेल तर चाकाच्या खुणा तशाच दाबलेल्या राहतात. मग सीटवर बसून क्लच पूर्ण दाबून बघितला. माझी उंची पाच फूट, काही मॉडेलला माझा पाय पुरतच नाही, पाठ सीटवरून सुटते. तुमच्या घरात बाकी कोण चालवणार असेल तर त्यांनाही घेऊन जा आणि बसवा. सायलेन्सर खाली किंवा आडवा आहे का, सीटच्या मागची लोखंडी कमान दुमडता येते का, तेही बघा. ती कमान काढून मात्र ठेवू नका, कलंडला तर तुमच्या डोक्यात आणि जमिनीत तेवढीच असते.

माझा कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये कंपन्यांची भांडणं सुरू होतील. पण माझं मत स्पष्ट आहे. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे १५ एचपीचे, एक सिलेंडरचे, टू व्हील ड्राइव्ह. स्वस्त आहेत, सपाट जागेला आंतरमशागतीला चांगले. तुमच्या घराला चढ आहे, त्यामुळे तुम्हाला नकोत. जांभ्याच्या मुरमाड वाटेवर पहिल्या पावसानंतर शेवाळ धरतं, तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरतात. आपल्याकडे फोर व्हील ड्राइव्हच घ्या, याच्यावर मी वाद घालणार नाही. २१ ते २७ एचपीमध्ये महिंद्रा जीवो २४५, कुबोटा बी २४४१, व्हीएसटीचा २७ एचपीचा, महिंद्राच्याच ओजाचे छोटे मॉडेल, हे सगळे फोर व्हीलमध्ये मिळतात आणि कुठलाही वाईट नाही. २४ एचपीला चार फुटी रोटाव्हेटर चालतो, फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप पीटीओवर (अवजारं फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे जो फिरणारा दांडा असतो त्यावर) चालतो, लहान ट्रॉली ओढतो. इंजिनाचा एचपी आणि पीटीओचा एचपी यात फरक असतो, सेल्समन मोठा आकडा सांगतो, तुम्ही पीटीओचा विचारा.

आणि कंपनीपेक्षा मेकॅनिक बघा. द्राक्षपट्ट्यात या गाड्यांचे पार्ट गल्लीत मिळतात, आपल्याकडे डीलर रत्नागिरीला नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरला. मोहर फुटलाय, तुडतुडा पडलाय आणि पंप चालेना, अशा वेळी "परवा माणूस पाठवतो" हे उत्तर चालत नाही. तुमच्या गावापासून तासाभरात कोण येतो ते दोन-तीन ट्रॅक्टरवाल्यांना विचारा आणि तो ज्या कंपनीचं काम जाणतो ती घ्या.

तुम्ही जागा "मेंटेन" करायचं लिहिलंय म्हणून सांगते, निम्मं काम गवताचं असतं. पाऊस गेला की दसरा-दिवाळीच्या दरम्यान गवत छातीला येतं, ते वेळेत काढलं नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा येऊन कलमं होरपळतात. लोकांना वाटतं ट्रॅक्टरला मागे स्लॅशर लावला की झालं. मोकळ्या भागात होतं. कातळ जिथे वर आलाय तिथे पातं दगडावर बसतं आणि तुटतं, कलमांच्या बुंध्याजवळही जाता येत नाही. त्यामुळे खांद्यावरचा ग्रासकटर तुम्हाला घ्यावाच लागेल, ट्रॅक्टर असो नसो. मी कडेने दोन पट्टे ट्रॅक्टरने वणवा अडवायला जाळरेषा म्हणून साफ करून घेते, बाकी हाताने.

ट्रॉलीचं ऐका जरा. चिरे भराल, शेणखत भराल, आंब्याचे क्रेट भराल. एक चिरा सहज तीस किलोच्या वर, चाळीस चिरे म्हणजे सव्वा टन झालं, आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेक नसतात. उतारावर ती मागून ढकलते आणि हलका ट्रॅक्टर आडवा होतो. उतरताना आधीच लो गियर टाकायचा, मध्येच क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. दोन ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडायची पट्टी असते, वाटेवर आणि उतारावर ती लावलेली पाहिजे, नाहीतर एकच चाक धरतं. आणि झाडाचं खोड ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच, वर कुठे बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो.

इथे एक कबूल करायला हवं, भावोजींच्या बाजूने एकच. अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर लवकर कलंडतो, मोठा तेवढा कलंडत नाही. म्हणून चढ सरळ चढायचा, सरळ उतरायचा, उताराला आडवं चालवायचंच नाही, आणि फवारणीची टाकी अर्धी भरली असेल तर जास्तच सांभाळून, कारण पाणी आत हिंदकळतं. पण हे भावोजींनी कधी म्हटलं नव्हतं, त्यांचा मुद्दा फक्त लोक काय म्हणतील हा होता. आता मे महिन्यात त्यांच्या वरच्या कलमांतले क्रेट खाली आणायला त्यांचा मोठा जात नाही, मग पुतण्या येतो, "काकी, बाबांनी तो बारका मागितलाय." स्वतः येत नाहीत. मी देते, डिझेल भरून परत करायचं या अटीवर. परत आला की काटा मी पुतण्यासमोरच बघते.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे कुणी जुना भाव सांगत असेल तर ऐकू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातींना, महिलांना आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, बाकीच्यांना ४०, पण वर मर्यादा असते, म्हणजे अर्धी किंमत सरकार देणार असं धरून चालू नका. सातबारा वहिनींच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करा. मुख्य म्हणजे पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी ट्रॅक्टर घेतलात तर अनुदान गेलं, डीलर "घेऊन जा, नंतर बघू" म्हणेल, त्याचं ऐकू नका. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून ठेवा, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

आणि हेही आधी सांगायला हवं होतं, साडेतीन एकराला ट्रॅक्टर कागदावर परवडत नाही. वर्षातून जेवढे तास तो चालेल तेवढे भाड्याने घेतले तर स्वस्तच पडेल. पण भाड्याचा ट्रॅक्टर तुम्हाला हवा त्या दिवशी येत नाही, सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो, आणि एकट्या बाईच्या जागेत तर सगळ्यात शेवटी येतो. तुमच्यासाठी येईलही लवकर.

पावसाळ्यात चार महिने उभा राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, उंदीर वायरिंग खातात म्हणून बॉनेट अधूनमधून उघडून बघा. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण कधीही काढू नका, मेकॅनिक काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत. मिनिटाला ५४० फेरे फिरतं ते, ओढणी, पदर, लुंगी, टॉवेल, काहीही ओढून घेतं. मी ट्रॅक्टरवर असताना जुना शर्ट घालते, ओढणी घरी.

पॉवर टिलरचं राहिलंच. नुसती दोन खाचरं असती तर टिलर म्हटलं असतं, आणि तोही भाड्याचा. पण टिलरच्या मागे चिखलात चालावं लागतं, वळवताना खांदे भरून येतात, तुम्ही निवृत्त होऊन येताय. खाचरं टिलरवाल्याला द्या, कलमांसाठी आणि घरच्या वाटेसाठी २४ एचपीचा फोर व्हील घ्या. पाणंदीची रुंदी, सगळ्यात अरुंद जागेची आणि वळणाची, मोजून इथे टाका, म्हणजे मॉडेल सांगते.