जिमनी गाडी घेऊन थरच्या वाळवंटात निघताय? आधी टायरमधल्या हवेचं बघा

सत्तरीच्या लाल चिखलात रेस दिली की टायरच्या खाचांतला चिखल उडतो आणि पकड मिळते. ती सवय गोव्यातच ठेवा. वाळूत चाक जागेवर फिरलं की खड्डा खणतं, आणि दोन-तीन सेकंदांत गाडी पोटावर बसते.

डांबरी रस्ता सोडतानाच चारही टायर १६ पीएसआयवर आणा. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. फार रुतलात तर १२, पण मग वळण अगदी हळू, नाहीतर टायर रिममधून निसटतो. रस्त्यावर परतण्याआधी हवा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच. विंच, म्हणजे तारेनं गाडी ओढून काढायचा रहाट, मात्र घरी ठेवा. तिथं बांधायला माड नाहीत!

टेकडी सरळ चढा, सरळ उतरा. तिरकं गेलात तर गाडी कलंडते. थांबताना ब्रेक नको, नुसता पाय उचला. ब्रेकनं चाकापुढं वाळूचा ढीग होतो. थांबायचं तेही उताराकडं तोंड करून.

रुतलात? रेसवरचा पाय काढा. चाकांमागची आणि डिफरन्शियलखालची (आसावरच्या फुगीर गिअरच्या डब्याखालची) वाळू फावड्यानं ओढा, फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) रिव्हर्स टाकून आल्या चाकोरीनंच मागं या. जॅकखाली फूटभर चौरस जाड प्लायवूड लागतं, नाहीतर गाडी वर न येता जॅकच खाली जातो.

आणि सरावाला मोरजी-कोलवा नको, किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदा आहे.