स्वतःच्या शेतासाठी जुना जेसीबी घ्यावा का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते असं: पारोळा तालुक्यात २२ एकर जमीन, त्यातली चार एकर उताराची मुरमाड. ती सपाट करायची, एक शेततळं काढायचं, बांध आणि शेतरस्ता नीट करायचा. आणि ओळखीत कुणाचा तरी २०१३ चा जेसीबी साडेनऊ लाखांना मिळतोय. घ्यावा का?

मी धुळ्यात हायड्रॉलिक दुरुस्तीचं काम करतो. जुनं मशीन विकणारा आणि घेणारा, दोघंही शेवटी माझ्याच दारात येतात. माझं मत विचाराल तर एवढ्या कामासाठी घेऊ नका. मशीनची किंमत नंतर बघा, आधी काम किती तासांचं आहे ते मोजा.

शेततळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल आणि कडांना एकास एक उतार धरला तर साधारण २,२०० घनमीटर माती निघते. मऊ मातीत जेसीबीची मागची बकेट तासाला ३५-४० घनमीटर काढते, म्हणजे झाले साठ तास. चार एकरांपैकी निम्म्या क्षेत्रातून सरासरी फूटभर माती काढून उरलेल्या निम्म्यात पसरायची तर २,४०० घनमीटरच्या आसपास, तेही साठ तास धरा. बांध, रस्ता, चर यांना तीस. एकूण दीडशे तास. आपल्याकडे भाडं तासाला हजार ते चौदाशे चालतं. बाराशे धरले तर एक लाख ऐंशी हजारांत काम संपतं, आणि मशीन आपल्या गावाला निघून जातं.

आता घेतलं तर काय होतं ते पाहा. साडेनऊ लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याजच १ लाख १४ हजार, पैसे घरचे असले तरी हा आकडा सुटत नाही. दीडशे तासांना तासाला पाच लिटरप्रमाणे डिझेल ६८ हजार. ऑपरेटर तीन महिने ठेवला तर पन्नास-साठ हजार, क्लिनर वेगळा. जुनं मशीन घरी आलं की सगळी ऑइलं, फिल्टर, चार-दोन पाईप, पिन-बुश करावेच लागतात, त्याला पाऊण लाख बाजूला ठेवा. झाले तीन लाखांवर. "काम झालं की तेवढ्यालाच विकून टाकू" असं बरेच जण म्हणतात. चार महिन्यांत खरंच तेवढ्याला विकलं गेलं आणि व्याज फक्त चार महिन्यांचं धरलं, तरी सव्वादोन लाखांच्या पुढेच जातं.

"उरलेल्या दिवसांत भाड्याने देऊ" हा दुसरा विचार. रब्बी निघाल्यापासून मिरगापर्यंतच मातीचं काम होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे सगळ्या शिवारातून फोन येतात, आणि नेमकं तेव्हाच तुमचंही काम असतं. एकदा काळी जमीन भिजली की साडेसात-आठ टनांचं मशीन वावरात घालणं म्हणजे ते काढायला दुसरं मशीन बोलावणं. बाकीचे महिने पाइपलाइन आणि बांधकामाची कामं धरावी लागतात, ठेकेदारांकडून उधारी वसूल करावी लागते. तो धंदा आहे, शेती नाही.

घरातलाच कुणी चांगला ऑपरेटर असेल आणि भाऊबंदांची मिळून दरवर्षी साडेतीनशे-चारशे तासांची कामं खात्रीने असतील, तर माझं उत्तर वेगळं. मग घ्या.

दर ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: खाली काय आहे. मुरमाखाली काळा पाषाण लागला तर जेसीबी नुसते दात झिजवतो. तिथे ब्रेकर (दगड फोडणारा हातोडा) किंवा मोठं पोकलेन (चेनवर चालणारं खोदायचं मशीन) लागतं. शिरपूरकडे नाले खोल करताना पोकलेनच लावली होती, ती काही हौस म्हणून नव्हे. तुमचं स्वतःचं मशीन दारात उभं असेल आणि तरीही पोकलेन भाड्याने आणावं लागेल, असंही होऊ शकतं. सपाटीकरण करताना वरची फूटभर माती आधी बाजूला ओढून ठेवायला सांगा आणि शेवटी ती परत पसरा. नाहीतर सपाट झालेल्या शेतात निम्म्या भागात मुरूम वर येतो, मग चार वर्षं कपाशी पिवळी. ऑपरेटर हे आपणहून करणार नाही, कारण त्यात तास वाढतात. आणि खोदलेला मुरूम शेताबाहेर जाणार असेल तर आधी तहसीलची परवानगी घ्या. विनापरवाना गौण खनिजाला (मुरूम, माती, वाळू यांना) महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि मशीनही जप्त होतं.

इतकं ऐकूनही तो जेसीबी बघायला जाणार असाल (जालच, मला अनुभव आहे), तर सकाळी लवकर आणि न कळवता जा. बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं तेच बघायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल करा, खालून जोराचा फुंकारा आला तर रिंगा गेल्यात. नंतर तासभर खोदायला लावा. थंड ऑइलवर दमलेला पंपही जोरात चालतो, ऑइल तापून पातळ झालं की खरी ताकद कळते. मग बकेट भरून बूम वर धरा, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत बूम हातभर खाली आला तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. मागचा बूम ज्या किंगपोस्टवर फिरतो तो बाजूला हलवून बघा, खडखडला तर खर्च मोठा. बूम आणि चेसिसवर वेल्डिंगचे ठिपके शोधा. नवाकोरा पिवळा रंग दिसला तर नखाने खरवडायला लाजू नका. तासांच्या मीटरवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, पेडलचं रबर आणि पिना जास्त खरं बोलतात. टायर झिजलेले असतील तर चारही बदलण्याचे पैसे त्या साडेनऊ लाखांतून वजा करूनच बोला.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आरटीओच्या वेबसाइटवर बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. मालकी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. आपल्या भागात हेही विचारा की गिरणा नदीतून चोरून वाळू काढताना मशीन कधी पकडलं गेलं होतं का. तशा मशीनचं प्रकरण तहसीलला अडकलेलं असलं तर त्रास नव्या मालकाला होतो. आणि कुणी चेनवरचं जुनं पोकलेन दाखवलं तर त्याला आरसीच नसते, त्यामुळे मूळ बिलापासूनची साखळी आणि चेसिसचा नंबर जुळवावा लागतो.

भाड्याने आणलंत तर मशीन वावरात शिरतानाचं आणि निघतानाचं मीटर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पाईप फुटून मशीन उभं राहिलं तर तो वेळ कुणाचा, हे आधीच बोलून घ्या. सलग दीडशे तासांचं काम एकालाच दिलंत तर दर शंभर-दीडशेने उतरतो, मागून बघा.

तुमच्या किंवा शेजारच्या विहिरीला खडक किती फुटांवर लागला ते लिहा. त्यावरून शेततळ्याचे साठ तास बरोबर की नाही ते सांगता येईल.