क्षणात पात्र कसे उभे करावे?

प्रश्न : उत्स्फूर्त विनोदी नाट्याच्या वर्गात काही सेकंदांत नवे पात्र उभे करावे लागते, माझी पात्रे मात्र एकसारखीच होतात. सराव कसा करावा?

उत्तर : आरंभ शरीरापासून करावा. चालताना हनुवटी, छाती किंवा पोट यांपैकी एकच भाग पुढे काढला की चाल बदलते आणि तिच्याबरोबर श्वास व आवाजही निराळा होतो. उत्स्फूर्त नाट्याचे शिक्षक व दिग्दर्शक कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये विकसित केलेला वरचढपणाचा सरावही करून पाहावा : डोके स्थिर ठेवून सावकाश बोलणारा माणूस वरचढ वाटतो, तर सतत चेहऱ्याला हात लावणारा दबलेला. केवळ बोलीच्या नकलेवर (हा मोह आपल्याकडे फार!) विसंबू नये, पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे.