औंधच्या म्युझियमला थांबायचं का?

प्रश्न : सुट्टीत पुण्याहून कोल्हापूरला गाडीने जाणार आहोत. सासूबाईंना वाटेत औंधच्या यमाईचं दर्शन घ्यायचंय. तिथे डोंगरावर एक जुनं चित्रांचं म्युझियम आहे म्हणतात, पण आमच्या घरात चित्रातलं कुणालाच काही कळत नाही. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. थांबावं का, आणि थांबलो तर बघायचं काय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : थांबाच ताई. आणि दर्शन झाल्यावर उरलेल्या वेळात उरकू असं तर अजिबात करू नका, दोन तास तरी वेगळे काढा. मॅपवर नुसतं औंध टाकलंत तर पुण्यातलंच औंध दाखवेल, म्हणून श्री भवानी वस्तुसंग्रहालय, सातारा असं टाका. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४०-४५ किलोमीटर पडतं.

हे म्युझियम औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलं. सूर्यनमस्काराचा प्रचार केला ते हेच, आणि ते स्वतः चित्रं काढायचे. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की एवढा संग्रह मुंबई-पुण्यात न नेता खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात, देवीच्या डोंगरावर ठेवलाय, म्हणजे यमाईला येणारा कुणीही माणूस सहज आत डोकावू शकतो. त्यामुळे कळत नाही हे मनातून काढून टाका, बघायला डोळे पुरतात.

सगळी दालनं पळत पळत बघायला गेलात तर मुलं कंटाळणार हे नक्की. तीन-चार गोष्टी धरा. मुलाला गाडीतच किरातार्जुनाची गोष्ट सांगून ठेवा, शंकर किराताच्या म्हणजे शिकाऱ्याच्या वेशात येतो, एकाच रानडुकरावर दोघांचे बाण लागतात, मग अर्जुनाशी जुंपते आणि शेवटी त्याला पाशुपतास्त्र मिळतं, कारण तिथे याच कथेची पहाडी शैलीतली, म्हणजे हिमालयाकडच्या डोंगरी राज्यांतल्या चित्रकारांच्या पद्धतीची, चित्रमालिका आहे आणि गोष्ट माहीत असली की पोरं एकेका चित्रात शंकर कुठला अर्जुन कुठला हे स्वतःच शोधत बसतात. ही चित्रं लहान आहेत, जवळ जाऊन बघा. मग मुलीला राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांपुढे उभी करा आणि विचारा की इथे उजेड कुठून येतोय, आणि पहाडी चित्रात तशी सावली दिसते का. एवढ्या एका प्रश्नावर ती बराच वेळ बोलेल बघा.

आणि हेन्री मूर चुकवू नका! विसाव्या शतकातला एवढा मोठा इंग्रज शिल्पकार, त्याचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प इथे आहे. नाक-डोळे रेखीव नाहीत, म्हणून बरेच लोक एक नजर टाकून पुढे जातात. तुम्ही थांबा, जमेल तेवढं बाजूबाजूने बघा, आईचा भार कुठे आहे, मूल कसं बिलगलंय ते. सासूबाईंना हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीवकाम आवडेल असं वाटतं, त्यांना तिकडे निवांत रमू द्या.

सोमवारी सरकारी म्युझियम सहसा बंद असतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी असेल तर पायऱ्यांच्या नादी लागू नका, डोंगरावर गाडीरस्ता आहे, ऊन चढायच्या आत वर पोचा.