फ्रिट्झ वुंडरलिख 35 व्या वर्षी गेला, तरी त्याला थोर टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) का मानतात?

कारण मोत्सार्टच्या गाण्याला लागणारा मोकळा, उजळ आणि तरीही भरदार आवाज जर्मन टेनरांमध्ये इतक्या सहजतेने क्वचितच कुणाला लाभला. 1964 मध्ये कार्ल ब्योमच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित झालेली मोत्सार्टची ‘जादूची बासरी’ (ऑपेरा, म्हणजे संगीतनाटक) मी अनेक वर्षं ऐकतोय, त्यावरून सांगतो. त्यात नायक तामिनो राजकन्येचं चित्र पाहून गाऊ लागतो ती जागा ऐका. आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या पंचमावरून थेट मध्य गंधारावर उडी आहे. तिथे बरेच गायक जोर लावतात. हा मात्र नुसता श्वास सोडल्यासारखा वर पोचतो. फ्रायबुर्गला तो गाण्यासोबत हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवायलाही शिकला होता. त्या दमसासाचा इथे उपयोग झाला असावा, असं मला वाटतं. पुढे श्टुटगार्ट, म्युनिक, व्हिएन्ना अशी जेमतेम दहा-अकरा वर्षांची कारकीर्द. सप्टेंबर 1966 मध्ये मित्राच्या घरी जिन्यावरून पडून तो गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचं पदार्पण तेव्हा काही आठवड्यांवर आलं होतं. फार हळहळ वाटते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: त्या काळच्या जर्मन प्रथेप्रमाणे व्हेर्दी, पुच्चिनी या इटालियन संगीतकारांचे ऑपेरे त्याने बरेचदा जर्मन भाषांतरातच गायले आहेत, त्यामुळे इटालियन कानाला ते खटकतं. सुरुवात मोत्सार्टपासून करा, मग संचालक क्लेम्परेरसोबतचं संगीतकार मालरचं ‘पृथ्वीचं गीत’ आणि शूमानची गाणी.