पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काका, वाचताना सगळं येतं, पण आठ दिवसांनी कुणी विचारलं की पाटी कोरी." सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत हीच तक्रार ऐकू येते, आणि उपाय म्हणून बहुतेक जण एकच गोष्ट करतात. तेच प्रकरण पुन्हा वाचतात, या खेपेला वेगळ्या रंगाचा हायलायटर घेऊन. तुझं राज्यघटनेचं पुस्तक मी चाळलंय. त्यात न रंगवलेली ओळ शोधावी लागते!

दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो आपल्याला येतोय असा भ्रम होतो. परीक्षेत पर्यायही नेमके असेच दिलेले असतात, चारही ओळखीचे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याची सरळ परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना सुमारे 42 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, हे लक्षात घे.

म्हणून प्रकरण वाचून झालं की पुस्तक मीट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. अक्षर, क्रम, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. अडलीस तरी लगेच पान उघडायचं नाही, दोन-चार मिनिटं तशीच झगडायची. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भर आणि पुढच्या वेळी फक्त ते लाल वाच. पहिले काही दिवस कागद निम्मा रिकामा राहील आणि तुला रडू येईल. येऊ दे. तो रिकामा भाग आत्ता दिसला तर बरं, परीक्षा केंद्रावर दिसून काय उपयोग?

उजळणी किती दिवसांनी करायची, हे तू विचारलंसच. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. पाठ केलेलं पहिल्या तासाभरातच भराभर गळतं, पुढे गळतीचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. क्लासवाले तो आलेख भिंतीवर लावून पोरांना घाबरवतात, पण त्यानं पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं. अर्थ लागलेलं इतक्या झपाट्यानं जात नाही. तरी त्यातून घ्यायचं ते घे. आज वाचलेलं उद्या आठवून बघ, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. एका रात्रीत पाच वेळा घोकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. चुकलेल्या प्रश्नांची कार्डं करून वेगळ्या डब्यात टाक आणि तो डबा रोज उघड. बरोबर आलेली कार्डं आठवड्यानं काढलीस तरी चालेल.

आता याद्या. राज्यघटनेच्या बारा अनुसूच्यांचा, म्हणजे घटनेला शेवटी जोडलेल्या याद्या-तपशिलांचा, क्रम लागत नाही म्हणतेस. गेल्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक पाहिलीस ना? मानाच्या पाच गणपतींचा क्रम तुला झोपेतही सांगता येईल, त्यालाच कामाला लाव. एकेका गणपतीपाशी एकेका अनुसूचीचं चित्र मनात उभं कर. कसब्याच्या दारात भारताच्या नकाशाची प्रचंड रांगोळी, प्रत्येक राज्याचा रंग वेगळा: पहिली अनुसूची, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश. तांबडी जोगेश्वरीपाशी राष्ट्रपती आणि न्यायाधीश पगाराच्या पाकिटासाठी रांगेत: दुसरी, वेतन-भत्ते. गुरुजी तालमीत लंगोट लावलेले मंत्री, अंगाला लाल माती, हात वर करून शपथ घेताहेत: तिसरी. तुळशीबागेत बायका घासाघीस करताहेत, पण बांगड्यांसाठी नव्हे, राज्यसभेच्या जागांसाठी, "आमच्या राज्याला दोन तरी वाढवून द्या हो": चौथी. केसरीवाड्यात ढोल-ताशाऐवजी आदिवासींचा तारपा वाजतोय: पाचवी, अनुसूचित क्षेत्रं. चित्र जितकं वेडगळ तितकं टिकतं. ग्रीक आणि रोमन वक्ते भाषणाचे मुद्दे असेच घरातल्या खोल्याखोल्यांत मांडून ठेवत.

सहावीला ईशान्येकडचे आदिवासी भाग, सातवीला केंद्र, राज्य आणि समवर्ती (दोघांच्या सामाईक) विषयांच्या तीन सूच्या, आठवीला भाषा. यांच्या जागा तुझ्या खोलीपासून अभ्यासिकेपर्यंतच्या वाटेवर तूच शोध. माझी उसनी चित्रं टिकणार नाहीत, स्वतःची टिकतील.

शेवटच्या चारांना मात्र चित्र नको, कारण पुरे. मूळ घटनेत आठच अनुसूच्या होत्या. जमीनसुधारणांचे कायदे कोर्टात अडकू नयेत म्हणून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नववी आली. पक्षांतराला आळा घालायला 1985 मध्ये 52 व्या दुरुस्तीनं दहावी. पंचायतींची अकरावी आणि नगरपालिकांची बारावी 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्त्यांनी, आधी गाव मग शहर. एवढं समजलं की पाठ करायला उरतं काय? म्हणून आधी कारण शोधायचं, सापडलं नाही तरच गणपतीच्या मागे लागायचं.

आद्याक्षरांच्या युक्त्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'तानापिहिनिपाजा' इंद्रधनुष्यासाठी उत्तम, पण बाजारातल्या नोट्समध्ये प्रत्येक यादीला असलं एक अक्षरांचं कडबोळं असतं आणि मग कडबोळं आठवतं, यादी नाही. याला सणसणीत अपवाद 'यमाताराजभानसलगा'चा. वृत्तं करताना तो वापरच. गण म्हणजे लघु-गुरु अक्षरांचा तिघांचा गट. ज्या गणाचं लक्षण हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजायची. 'यमाता' म्हणजे लघु-गुरु-गुरु, झाला य गण. 'मातारा' तिन्ही गुरु, म गण. असे चार य गण एका ओळीत आले की भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांची चाल. ती लहानपणापासून तुझ्या कानात आहेच, मग पाठ काय करायचंय?

रात्री दोनपर्यंत जागणं बंद कर. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, चहा नाही.

रविवारी घरी ये. अनुसूच्या मी उलट्या क्रमानं विचारणार आहे, बारावीपासून. वही खोलीवरच ठेव. काकू थालीपीठ करणार आहे, तेव्हा मेसचा डबा बंद ठेवायला सांग.

तुझा
काका