पूर्ण संख्या, पूर्णांक आणि परिमेय-अपरिमेय

प्रश्न असा आहे: 'पूर्ण संख्या' आणि 'पूर्णांक' एकच का? आणि २२/७ परिमेय असेल, तर पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अपरिमेय कसा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दोन्ही एक नाहीत. आपल्या शालेय गणितात १, २, ३... या नैसर्गिक संख्या. त्यांत शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. −१, −२, −३... याही घेतल्या की पूर्णांक. म्हणून −५ पूर्णांक आहे, पण पूर्ण संख्या नाही. दोन्हीकडे 'पूर्ण' असल्याने मुलं गोंधळतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यातून २ १/३ वाचताना आपण 'दोन पूर्णांक एक छेद तीन' म्हणतो. इथे 'पूर्णांक' म्हणजे त्या संख्येतला पूर्ण भाग; ती अख्खी संख्या पूर्णांक होत नाही.

पूर्णांकाला शून्याखेरीज दुसऱ्या पूर्णांकाने भागून जी मिळते ती परिमेय संख्या. −५ म्हणजे −५/१, तेव्हा सगळे पूर्णांक परिमेयही असतात. इथे संख्येच्या लिखाणावर जाऊ नये, किंमत पाहावी. ६/३ हा २ आहे, म्हणजे पूर्णांकच. √९ वर करणीचं चिन्ह असलं तरी तो ३ आहे. √२ मात्र कुठल्याच दोन पूर्णांकांच्या भागाकारातून मिळत नाही, म्हणून तो अपरिमेय.

'अपरिमेय' ऐकलं की 'अपरिमित' आठवतं आणि न संपणारी संख्या ती अपरिमेय, असा समज होतो. तो सोडायला हवा. √२ हा १.४ आणि १.५ यांच्या मधेच आहे, आणि न संपणं तर १/३ लाही लागू आहे: ०.३३३...

आता २२ ला ७ ने भागून पाहा. भाग ३, बाकी १. पुढे शून्य घेत गेलं की बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी परत येणारच, आणि ती आली की भागाकारातले अंकही तेच येणार: ३.१४२८५७१४२८५७... कुठल्याही परिमेय संख्येचं असंच होतं. दशांश रूप एक तर संपतं (खंडित), नाही तर एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो (अखंड आवर्ती). अपरिमेय संख्येत यातलं काहीच होत नाही.

पाय म्हणजे ३.१४१५९... २२/७ शी त्याची फारकत दशांशाच्या तिसऱ्याच स्थळी होते. उदाहरणात 'पाय = २२/७ घ्या' म्हणतात ती आकडेमोडीची सोय; खरं तर तिथे बरोबरऐवजी 'सुमारे'चं चिन्ह हवं. पाय अपरिमेय आहे हे गणितज्ञ योहान लाम्बेर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केलं. ३५५/११३ पायाशी दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत जुळतो, पण तोही परिमेयच.